स्तनकर्करोगाच्या प्रतिमा आणि ट्यूमर मॉडेलिंग : आंतरराष्ट्रीय संशोधन प्रशिक्षणाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पीएचडी किंवा त्यापुढच्या संशोधनासाठी या विषयाकडे वळू पाहणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. काही ठिकाणी निव्वळ माहिती आहे, काही ठिकाणी माझं मत. आजाराबद्दलचा वैयक्तिक सल्ला मात्र इथे मिळणार नाही, त्यासाठी डॉक्टरांनाच भेटा.

हे प्रशिक्षण नेमकं कशाचं असतं?

दोन कामांचं. एक म्हणजे स्तनाच्या प्रतिमा घेणं, वाचणं आणि त्यांतून मोजता येईल असं काही काढणं. यात मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे), टोमोसिंथेसिस (वेगवेगळ्या कोनांतले एक्स-रे जोडून थराथराने काढलेली प्रतिमा), सोनोग्राफी आणि एमआरआय हे सगळं आलं. दुसरं काम त्या मोजमापांवरून गणिती मॉडेल बांधण्याचं. गाठ कशी वाढेल, औषधाला कसा प्रतिसाद देईल, स्तन दाबला गेला की ती कुठे सरकेल, हे प्रश्न त्यात येतात.

ही दोन्ही कामं एकाच विद्यापीठात चांगली होतात असं क्वचितच दिसतं. गणित आणि संगणनाची माणसं एका ठिकाणी, रुग्णालय दुसरीकडे आणि यंत्रं बनवणारी कंपनी तिसऱ्याच देशात असते. या विषयाचं प्रशिक्षण बहुतेक वेळा अनेक देशांच्या नेटवर्कमधून चालतं ते त्यामुळेच. आजाराचं प्रमाणही तसं आहे: जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ साली जगभर सुमारे २३ लाख स्त्रियांना स्तनकर्करोगाचं निदान झालं आणि ६ लाख ७० हजार मृत्यू झाले.

मेंदूचाही एमआरआय होतो, फुप्फुसांचाही सीटी होतो. स्तनासाठी वेगळं प्रशिक्षण कशाला?

कारण मेंदू कवटीत बसलेला असतो आणि स्तन कशातच बसलेला नसतो. सगळी अडचण इथून सुरू होते.

एकाच स्त्रीच्या तीन तपासण्या घ्या. मॅमोग्राफीला ती उभी असते आणि स्तन दोन पट्ट्यांमध्ये दाबलेला असतो. एकदा वरून खाली, एकदा तिरका, अशा प्रत्येक बाजूच्या दोन म्हणजे एकूण चार प्रतिमा निघतात. एमआरआयला ती पालथी झोपते आणि स्तन कॉइलच्या, म्हणजे संकेत पकडणाऱ्या साच्याच्या, खळग्यात खाली लोंबतात. सोनोग्राफीला आणि पुढे शस्त्रक्रियेलाही ती उताणी असते, हात डोक्याकडे किंवा बाजूला, आणि स्तन छातीवर पसरलेला. गाठ तीच, पण तिन्ही स्थितींत तिची जागा वेगळी. एमआरआयमध्ये स्तनाग्रापासून अमुक अंतरावर दिसलेली गाठ ऑपरेशनच्या टेबलावर त्याच अंतरावर सापडेल, असं कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

म्हणून स्तनाचं यांत्रिक मॉडेल करावं लागतं. चरबी, ग्रंथी, त्वचा आणि स्नायू वेगवेगळे धरायचे, त्यांना फायनाइट एलिमेंट पद्धतीने छोट्या छोट्या तुकड्यांत विभागायचं, गुरुत्वाकर्षणाची दिशा उलटवायची आणि स्तन कुठे जाऊन थांबतो ते सोडवायचं. ऐकायला सोपं आहे. पण पालथ्या स्थितीतला स्तनही काही ‘भार नसलेला’ नसतो, तो आधीच ओढलेला असतो. त्यामुळे आधी गुरुत्वाकर्षण काढून टाकल्यावर स्तन कसा दिसेल ते शोधायचं आणि मग ते उलट्या दिशेने लावायचं. शिवाय चरबी आणि ग्रंथींच्या ताठपणाचे प्रकाशित आकडे एका अभ्यासातून दुसऱ्यात गेलं की कित्येक पटींनी बदलतात. कूपर लिगामेंट नावाचे जे तंतू स्तनाला आतून आधार देतात, ते प्रतिमेत नीट दिसतही नाहीत.

त्यात भर घनतेची. मॅमोग्राममध्ये ग्रंथी पांढऱ्या दिसतात आणि गाठही पांढरीच दिसते. स्तनाच्या प्रतिमांचे अहवाल लिहिण्याच्या बाय-रॅड्स पद्धतीच्या २०१३ च्या आवृत्तीत घनतेचे अ ते ड असे चार गट आहेत. सर्वांत दाट गटातल्या स्त्रियांमध्ये मॅमोग्राफीला गाठ सापडणं अवघड जातं. नेदरलँड्समधल्या डेन्स चाचणीने २०१९ मध्ये याच गटातल्या ५० ते ७५ वयाच्या स्त्रियांबद्दल निष्कर्ष दिला. मॅमोग्राफीसोबत एमआरआयसाठी बोलावलेल्यांत दोन तपासण्यांच्या मधल्या काळात उघड झालेले कर्करोग हजारी २.५ होते, नुसत्या मॅमोग्राफीवाल्यांत हजारी ५.

ट्यूमर मॉडेल म्हणजे काय? प्लास्टिकची प्रतिकृती की समीकरण?

दोन्हीला मॉडेल म्हणतात आणि यंत्रांच्या चाचणीसाठी वापरतात त्या प्रतिकृतीला फँटम हा शब्द आहे. इथे मुख्यतः समीकरणांबद्दल बोलतो.

सर्वांत साधं मॉडेल म्हणजे दुपटीचं: ठरावीक काळाने गाठीचं आकारमान दुप्पट होतं. एक मिलिमीटर व्यासाची गाठ एक सेंटिमीटर होते तेव्हा व्यास दहापट होतो, पण आकारमान हजारपट, म्हणजे साधारण दहा दुपटी. हे गणित मनात पक्कं बसायला हवं, कारण रोजच्या कामात व्यास आणि आकारमान यांचा गोंधळ सतत होतो. औषधाचा प्रतिसाद मोजण्याच्या रेसिस्ट निकषांत व्यासांची बेरीज ३० टक्क्यांनी घटली तर ‘अंशतः प्रतिसाद’ धरतात. गाठ सगळीकडून सारखीच आकसली असेल तर ०.७ चा घन ०.३४३ येतो, म्हणजे आकारमान जवळपास ६६ टक्क्यांनी कमी झालेलं असतं. पट्टीवर फरक थोडा वाटतो, प्रत्यक्षात दोन तृतीयांश गाठ गेलेली असते.

खऱ्या गाठी मात्र कायम दुप्पट होत राहत नाहीत. मोठ्या झाल्या की वेग मंदावतो. १९६४ मध्ये अ‍ॅना लेअर्ड यांनी दाखवलं की गाठींची वाढ गोम्पर्ट्झ वक्राला चांगली जुळते. हा वक्र मुळात १८२५ सालचा आणि माणसांच्या मृत्युदरासाठी मांडलेला. पुढे लॅरी नॉर्टन आणि रिचर्ड सायमन यांनी त्यावरून असा विचार मांडला की केमोथेरपीने गाठ ज्या वेगाने आकसते, तो तिच्या त्या वेळच्या वाढीच्या वेगाच्या प्रमाणात असतो. लहान गाठ वेगाने वाढते, म्हणून दोन डोसांच्या मधल्या सुट्टीत ती भराभर परत येते. मग ती सुट्टीच कमी का करू नये? २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सीएएलजीबी ९७४१ चाचणीत तीन आठवड्यांऐवजी दर दोन आठवड्यांनी केमोथेरपी दिलेल्या स्त्रियांमध्ये आजार परतण्याचं प्रमाण कमी निघालं आणि जगण्याचं प्रमाणही सुधारलं. कागदावरच्या वक्राने उपचाराचं वेळापत्रक बदलल्याचं इतकं स्वच्छ उदाहरण या क्षेत्रात दुसरं मिळणं कठीण.

आजची मॉडेलं प्रतिमेच्या प्रत्येक ठिपक्यावर, म्हणजे व्हॉक्सेलवर चालतात. डिफ्यूजन एमआरआयमध्ये पाण्याचे रेणू किती मोकळेपणाने हलतात ते मोजतात. पेशी दाट असतील तर पाण्याला हलायला जागा कमी, म्हणून एडीसी हा आकडा खाली येतो. त्यावरून व्हॉक्सेलमध्ये पेशी अंदाजे किती हे काढतात. मग पेशींचं विभाजन आणि पसरणं अशी दोन पदं असलेलं समीकरण लिहितात. उपचारापूर्वीचा आणि पहिल्या फेरीनंतरचा, अशा दोन स्कॅनवरून त्या रुग्णापुरते आकडे ठरवतात आणि पुढचा स्कॅन कसा दिसेल याचं भाकीत करतात. काही गट यात तिसरी गोष्ट जोडतात: आजूबाजूच्या ऊतींचा दाब जिथे जास्त, तिथे पेशींचं पसरणं कमी. टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन इथल्या गटाने स्तनकर्करोगावर या धर्तीचं बरंच काम केलं आहे.

इथे मेख अशी की एडीसी कमी झाला म्हणजे पेशीच वाढल्या असं नाही. स्कॅनची सेटिंग्ज बदलली, रुग्ण हलली, किंवा बायोप्सीनंतर तिथे रक्त साकळलं, तरी आकडा बदलतो. समीकरणाला यातलं काहीच कळत नाही, ते निमूटपणे उत्तर देतं.

अशी मॉडेलं आज रुग्णालयात वापरतात का?

वाढीचं भाकीत करणारी, रुग्णागणिक बसवलेली मॉडेलं अजून प्रामुख्याने संशोधनातच आहेत. शस्त्रक्रियेआधी केमोथेरपी देतात तेव्हा गाठ पूर्ण नाहीशी होईल का, याचा अंदाज लवकर यावा हा त्यांचा मुख्य हेतू असतो. २०१० मध्ये सुरू झालेल्या आय-स्पाय २ सारख्या चाचण्यांत ठरलेल्या वेळांना एमआरआय केलेले असल्यामुळे असा अभ्यास शक्य झाला. ‘डिजिटल ट्विन’ हा शब्द जाहिरातीत दिसला तर एवढंच विचारा: हे भाकीत आधी नोंदवून ठेवलं होतं का आणि नंतर प्रत्यक्ष निकालाशी ताडलं का?

आभासी चाचण्यांचं मात्र बरं चाललंय. अमेरिकेच्या एफडीएमधल्या, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय यंत्रांना मंजुरी देणाऱ्या संस्थेतल्या, गटाने २०१८ मध्ये व्हिक्टर नावाची चाचणी पूर्णपणे संगणकात केली. २,९८६ आभासी स्तन तयार केले, त्यांच्या मॅमोग्राफी आणि टोमोसिंथेसिसच्या प्रतिमा गणिताने काढल्या आणि गणिती वाचकांकडून वाचून घेतल्या. निष्कर्ष खऱ्या माणसांवर झालेल्या चाचणीशी सुसंगत आला. एकाही स्त्रीला एक्स-रे द्यावा लागला नाही.

कोणत्या शाखेच्या विद्यार्थ्यांना घेतात?

भौतिकशास्त्र, बायोमेडिकल, संगणक, यंत्र अभियांत्रिकी, गणित, सांख्यिकी या सगळ्या शाखांतल्यांना. डॉक्टरही येतात आणि आले की गटाचा दर्जा बदलतो. अवकल समीकरणं, रेषीय बीजगणित, थोडं संभाव्यताशास्त्र आणि पायथन एवढं असेल तर सुरुवात होते. जीवशास्त्र शून्य असेल तरी चालतं, पण पहिल्या वर्षात एचईआर-२, ईआर (गाठीच्या पेशींतले ग्राही रेणू), केआय-६७ (पेशी किती वेगाने वाढतात याची खूण) हे पॅथॉलॉजी अहवालातले शब्द न अडखळता वाचता आले पाहिजेत.

मास्टर्सच्या पातळीवर वैद्यकीय प्रतिमांचा इरास्मस मुंडुस (युरोपीय संघाच्या निधीवरचा, अनेक देशांत मिळून चालणारा) अभ्यासक्रम ‘माया’ आहे. स्पेनमधलं जिरोना, इटलीतलं कासिनो आणि फ्रान्समधलं बुर्गुंडी विद्यापीठ तो मिळून चालवतात.

युरोपातल्या डॉक्टरल नेटवर्कमध्ये अर्ज कसा करायचा? ब्रसेल्सला पाठवायचा का?

नाही. हा गैरसमज फार दिसतो. मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी या युरोपीय संघाच्या संशोधक-प्रशिक्षण कार्यक्रमाखालच्या डॉक्टरल नेटवर्कचा निधी संस्थांच्या गटाला मिळतो. निदान तीन वेगवेगळ्या देशांतल्या तीन संस्था एकत्र येऊन प्रस्ताव देतात. तो मंजूर झाला की प्रत्येक संस्था आपापल्या जागेची जाहिरात काढते. तुम्ही अर्ज करता तो त्या जागेसाठी, नोकरीच्या अर्जासारखा. या जाहिराती युरॅक्सेस या संकेतस्थळावर येतात. शोधताना नुसतं ‘ब्रेस्ट’ टाकून थांबू नका, ‘रेडिओमिक्स’, ‘डीफॉर्मेबल रजिस्ट्रेशन’, ‘कॉम्प्युटेशनल ऑन्कॉलॉजी’ हेही टाका. पुष्कळ जागा अशा नावांमागे दडलेल्या असतात.

राष्ट्रीयत्व कोणतंही चालतं. वयाची अट नाही. नेमणुकीच्या वेळी आधीची पीएचडी नसावी आणि निधी असतो तोवर पीएचडीसाठी नाव नोंदवलेलं असावं. नेमणूक साधारण तीन वर्षांची असते आणि अनेक देशांत प्रबंध त्याहून लांबतो, तेव्हा उरलेल्या महिन्यांचा पगार कोण देणार, हे मुलाखतीतच विचारून घ्या. लाजू नका, चांगले गाईड या प्रश्नाची वाटच पाहत असतात.

ते ३६ महिन्यांचं काय प्रकरण आहे?

नेमणुकीच्या तारखेआधीच्या ३६ महिन्यांत, ज्या देशातली संस्था तुम्हाला नेमणार त्या देशात तुम्ही एकूण १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेले किंवा काम-शिक्षण केलेले नसावे. म्हणजे जर्मनीत दोन वर्षांचं मास्टर्स नुकतंच संपवलं असेल तर जर्मनीतली जागा मिळणार नाही, पण त्याच नेटवर्कमधली स्पेनची किंवा नेदरलँड्सची मिळू शकेल. अट नेमणाऱ्या संस्थेच्या देशापुरती आहे, मधल्या काळात जिथे काही महिने पाठवतात त्या देशांना ती लागू नाही. मास्टर्स कुठे करायचं हे ठरवतानाच हा हिशेब मांडून ठेवावा.

पैसे किती मिळतात?

जगण्याचा भत्ता, स्थलांतराचा भत्ता आणि कुटुंब असल्यास कुटुंबभत्ता असे भाग असतात. २०२१-२२ च्या कार्यक्रमात पहिला दरमहा ३,४०० युरो आणि दुसरा ६०० युरो होता, पुढे रकमा बदलत गेल्या, म्हणून ज्या वर्षाच्या निधीतून जागा आहे त्या वर्षाचा कागद पाहा. पण जाहिरातीतला आकडा हातात येणारा नसतो. जगण्याचा भत्ता देशाच्या महागाईच्या गुणकाने कमीजास्त होतो आणि मग त्यातून कर्मचाऱ्याचीच नव्हे तर मालकाचीही सामाजिक सुरक्षेची वर्गणी कापली जाते. ऑफर आली की हातात पडणारी रक्कम लेखी मागा. बदल्यात आजारपणाची रजा, प्रसूती रजा, विमा असा रीतसर नोकरीचा करार मिळतो. नुसत्या स्टायपेंडवर या गोष्टी मिळतीलच असं नाही.

युरोपबाहेर किंवा दुसऱ्या मार्गांनी?

अमेरिकेत विद्यापीठाच्या पीएचडी प्रवेशातूनच जावं लागतं, फी माफी आणि स्टायपेंड बहुधा गाईडच्या ग्रँटमधून येतात. डाड (जर्मनी), फुलब्राइट (अमेरिका), कॉमनवेल्थ (ब्रिटन) या शिष्यवृत्त्या आहेतच. ब्रिटन १ जानेवारी २०२४ पासून पुन्हा होरायझन युरोप या युरोपीय संघाच्या संशोधन-निधी कार्यक्रमाशी जोडलं गेलं आहे. पीएचडी झालेल्यांसाठी मारी क्युरी पोस्टडॉक्टरल फेलोशिप आहे. तिथे मात्र प्रस्ताव तुम्ही आणि यजमान गाईड मिळून लिहिता आणि पीएचडीनंतरचा संशोधनाचा अनुभव आठ वर्षांपर्यंतच चालतो.

नेटवर्कमध्ये दुसऱ्या संस्थेत पाठवतात म्हणे. कुठे जावं?

डॉक्टरल नेटवर्कमध्ये एकूण काळाच्या एक तृतीयांशापर्यंत अशी सेकंडमेंट घेता येते. बहुतेक विद्यार्थी मोठ्या नावाची प्रयोगशाळा किंवा कंपनी मागतात. माझा आग्रह वेगळा आहे: सगळ्यात आधी, पहिल्याच वर्षात, रुग्णालयाच्या ब्रेस्ट युनिटमध्ये जा आणि यंत्रापाशी उभे राहा.

तिथे काय दिसतं? टेक्निशियन दाब देताना पट्टी कुठे थांबवते आणि का, दुखतंय म्हटल्यावर काय करते. तिरक्या प्रतिमेत छातीचा स्नायू पुरेसा आला नाही म्हणून ती प्रतिमा परत घेते. एमआरआयच्या वेळी रुग्ण खांदा हलवते आणि कॉन्ट्रास्ट दिल्यानंतरच्या प्रतिमा आधीच्यांशी जुळेनाशा होतात. गॅडोलिनियम हे कॉन्ट्रास्टचं द्रव्य शिरेत गेल्यावर पहिल्या दीड-दोन मिनिटांत गाठ उजळते आणि बऱ्याचदा मग फिकी पडू लागते. वेगाने स्कॅन घेतले तर प्रतिमा धूसर, बारकाईने घेतले तर तो चढाचा क्षण निसटतो. ही ओढाताण रेडिओग्राफर रोज सोडवते आणि तिचा निर्णय तुमच्या डेटात कायमचा उतरतो. बहुविध तज्ज्ञांच्या बैठकीत रेडिओलॉजिस्ट, पॅथॉलॉजिस्ट आणि सर्जन एकाच गाठीचे तीन वेगवेगळे आकार सांगतात, आणि तिघंही बरोबर असतात. अशा दोन बैठका ऐकल्या की ‘खरा आकार’ हा रकाना भरताना हात थांबतो.

मॉडेल फसतं ते समीकरणामुळे क्वचित. प्रतिमा कशी आणि कुठल्या स्थितीत घेतली हे बनवणाऱ्याला माहीत नसतं, म्हणून फसतं. उद्योगातली सेकंडमेंट जरूर घ्या, पण नंतर.

मॅमोग्राफीच्या खोलीत पुरुष विद्यार्थ्याला उभं राहू देतात का?

बहुतेक ठिकाणी नियम एकच: रुग्णाची आधी, विद्यार्थी समोर नसताना परवानगी घ्यायची. नाही म्हटलं तर विषय संपला, कारण विचारायचं नाही. ज्या ठिकाणी सरसकट मनाई आहे तिथे फँटम वापरून यंत्र शिकता येतं आणि वाचनकक्षात रेडिओलॉजिस्टशेजारी बसता येतं. विद्यार्थिनींनाही परवानगीचा नियम तितकाच लागू.

डेटा कुठून मिळतो?

उघडपणे मिळणारा बराच आहे. द कॅन्सर इमेजिंग अर्काइव्हवर ड्यूक विद्यापीठाचा ९२२ रुग्णांचा स्तन-एमआरआय संच आहे. मॅमोग्राफीसाठी पोर्तुगालचा इनब्रेस्ट (४१० प्रतिमा) आणि व्हिएतनामचा विनडॉक्टर-मॅमो (५,००० तपासण्या) आहेत. सीबीआयएस-डीडीएसएम पुष्कळ वापरला जातो, पण त्यातल्या प्रतिमा जुन्या फिल्म स्कॅन करून घेतलेल्या आहेत. त्यावर शिकवलेलं मॉडेल आजच्या डिजिटल यंत्रावर तसंच चालेल अशी आशा ठेवू नका.

दोन सापळे सांगतो. पहिला विभागणीचा. एका स्त्रीच्या चार प्रतिमांपैकी दोन शिकवण्याच्या गठ्ठ्यात आणि दोन तपासण्याच्या गठ्ठ्यात गेल्या की निकाल सुरेख येतो आणि खोटा असतो. विभागणी प्रतिमांची नव्हे, व्यक्तींची करायची. दुसरा बायोप्सी क्लिपचा. बायोप्सी केल्यावर त्या जागी धातूची बारीकशी खूण ठेवतात. ती प्रतिमेत ठळक दिसते, आणि न्यूरल नेटवर्क कर्करोग ओळखण्याऐवजी ती खूणच ओळखायला शिकतं. मोठ्या दाव्याचा पेपर वाचताना प्रतिमा बायोप्सीआधीच्या की नंतरच्या, हे आधी शोधा.

रुग्णालयाचा डेटा दुसऱ्या देशात नेता येतो का?

सहजासहजी नाही आणि ते योग्यच आहे. युरोपात २५ मे २०१८ पासून जीडीपीआर लागू आहे. नाव काढून त्या जागी सांकेतिक क्रमांक टाकला, पण यादी कोणाकडे तरी आहे, तर तो डेटा कायद्याच्या नजरेत वैयक्तिकच राहतो. डायकॉम या वैद्यकीय प्रतिमांच्या स्वरूपातल्या फाइलच्या शीर्षभागात नाव, जन्मतारीख, रुग्णालयाचा क्रमांक असं बरंच काही असतं, आणि सोनोग्राफीत तर नाव अनेकदा चित्रावरच छापलेलं असतं. शीर्षभाग कितीही साफ केला तरी चित्रावरचं ते नाव जात नाही. नीतिसमितीची मंजुरी आणि संस्थांमधले करार यात महिने जातात, म्हणून पहिल्या दिवशीच कागद हलवायला लागा आणि तोवर उघड संचांवर काम करा.

एक वाट अशी की डेटा जागेवरच ठेवायचा आणि मॉडेल एका रुग्णालयातून दुसऱ्यात फिरवायचं. २०२३ मध्ये सुरू झालेला युरोपचा युकेम प्रकल्प कर्करोगाच्या प्रतिमांसाठी अशीच विखुरलेली पायाभूत व्यवस्था उभारतो आहे.

एआय आल्यावर मॉडेलिंग कशाला शिकायचं?

गाठ शोधण्यात एआयने खरोखर मजल मारली आहे. स्वीडनमधल्या मसाई चाचणीत ८० हजारांहून जास्त स्त्रियांचा समावेश होता. २०२३ मध्ये तिचे पहिले निष्कर्ष आले: एआयच्या मदतीने वाचन केल्यावर कर्करोग सापडण्याचं प्रमाण घटलं नाही आणि वाचनाचं काम ४४ टक्क्यांनी कमी झालं. पण शोधणाऱ्याला लाखो उदाहरणं मिळतात. उपचार चालू असताना ठरावीक अंतराने तीन-चार एमआरआय झालेले रुग्ण मात्र शेकड्यांत मिळतात. थोड्या डेटात भौतिकी आणि जीवशास्त्र आधीच समीकरणात घालून ठेवलं तर बरंच काही वाचतं. दोन्ही पद्धती जोडणारं काम सध्या जोरात आहे आणि नव्या माणसाला तिथे भरपूर वाव आहे.

कोणती साधनं यायला हवीत?

प्रतिमा पाहायला, हाताळायला आणि एकमेकींशी जुळवायला थ्रीडी स्लायसर, आयटीके, इलॅस्टिक्स, यांत्रिक मॉडेलसाठी फेबायो, शिकणाऱ्या मॉडेलसाठी पायटॉर्च आणि त्यावरचं मोनाय. सगळी फुकट मिळतात. कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं गिट आलंच पाहिजे.

कोणत्या परिषदांना जावं?

मिकाई आणि एसपीआयई मेडिकल इमेजिंग या पद्धतींच्या परिषदा आहेत, आयएसएमआरएम एमआरआयची. स्तनाच्या प्रतिमांसाठी आयडब्ल्यूबीआय ही दोन वर्षांनी भरणारी छोटी कार्यशाळा मला सर्वांत उपयोगी वाटते, कारण तिथे ज्यांचे पेपर वाचले ती माणसं चहाच्या रांगेत भेटतात. रेडिओलॉजिस्ट कसे विचार करतात ते बघायचं तर शिकागोची आरएसएनए किंवा व्हिएन्नाची ईसीआर.

गाईडला पहिलं पत्र कसं लिहावं?

छोटं. त्यांच्या एका पेपरमधली एक नेमकी गोष्ट घ्या आणि त्यावर काय करून पाहिलं ते सांगा. ‘तुमच्या ड्यूक संचावरच्या कामात कॉन्ट्रास्टनंतरच्या पहिल्याच प्रतिमेवर गाठ आखली आहे, मी दुसऱ्या प्रतिमेवर आखून पाहिली, आकारमान असं बदललं’ अशी दोन ओळींची नोंद आणि एक आकृती पुरते. ‘आदरणीय महोदय, मी आपल्या कार्याने भारावून गेलो आहे’ अशी पत्रं ढिगाने येतात आणि न वाचता जातात.

मुलाखतीत काय विचारतात?

आधीच्या प्रकल्पावर खोलात जाऊन विचारतात, विशेषतः जे जमलं नाही त्यावर. एखादी प्रतिमा समोर ठेवून ‘काय दिसतं?’ असंही विचारतात. अशा वेळी थेट निदान सांगू नका. कोणती तपासणी, कोणती बाजू, कोणता कोन, रुग्ण कुठल्या स्थितीत, कॉन्ट्रास्ट आधीची की नंतरची, हे आधी सांगा. मॅमोग्रामवर कोपऱ्यात बाजूची आणि कोनाची खूण असते, ती बघून बोला. मग विचारतील की या एका प्रतिमेवरून गाठीचं आकारमान काढता येईल का. एका सपाट प्रतिमेवरून नाही येत. दुसरा कोन मिळाला तरी दोन्ही वेळा स्तन वेगळ्या दिशेने दाबलेला असतो, तेव्हा अंदाजापलीकडे जाता येत नाही. हे सांगून झाल्यावर एमआरआय मागा आणि तो केव्हा घेतलेला हवा तेही सांगा.